पान सत्तेचाळीस, मधले वाक्य

"१९९८ सालच्या विभागीय अंतिम सामन्यात मिडफिल्डर डेल होलुब (क्र. १६) याच्या अनावर संतापामुळे आपल्या क्लबला विजेतेपदास मुकावे लागले. वादग्रस्त रेषा एका जबाबदार स्वयंसेवकाने मोजून आखलेली होती. चौकशीअंती होलुब याने आपली चूक मान्य केली व स्वेच्छेने निवृत्ती पत्करली."

ब्रायरटन मिलर्स या फुटबॉल क्लबच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतल्या सत्तेचाळिसाव्या पानावरची ही तीन वाक्ये. मूळ मजकूर इंग्रजीत आहे. भाषांतर माझे, आणि मुळाच्या लायकीपेक्षा थोडे अधिक भारदस्त. छपाईपूर्वीची प्रत क्लबचे तहहयात अध्यक्ष हार्लन प्रुइट यांनी माझ्याकडे मुद्रितशोधनासाठी पाठवली, कारण ओहायोमधल्या त्या गावात स्वल्पविरामांवरून भांडणारा मी एकटाच माणूस आहे. जुन्या मराठी पोथ्यांच्या सातआठ प्रती शेजारी शेजारी मांडायच्या आणि कोणत्या लेखनिकाला कुठे डुलकी लागली ते ठरवायचे, हा माझा तेथील कॉलेजातला धंदा. प्रुइट यांच्या लेखनिकाला डुलकी लागली नव्हती. तो गाढ झोपला होता.

होलुबचा क्रमांक सोळा नव्हता, सहा होता. पुढच्या पानावर सामना "खच्चून भरलेल्या मैदानात" झाल्याचे म्हटले आहे. प्रेक्षक दोनशे अकरा होते आणि त्यांतले चाळीस शाळेच्या बँडमधले, म्हणजे बसणे भाग असलेले. अनावर संताप म्हणावा, तर त्या संपूर्ण प्रकारात होलुबने आवाज चढवल्याचे मला आठवत नाही. त्याने आकडे मोजले. एकपासून अठरापर्यंतचे आकडे ओळीने मोजणे हे क्रोधाचे लक्षण असेल, तर जगातले सगळे बालवर्ग संतप्त आहेत. 'स्वेच्छेने' या शब्दाविषयी एवढेच, की लीगने त्याला दहा सामन्यांची बंदी घातली आणि क्लबने करार रद्द केला. एवढी सोय झाल्यावर माणसाला स्वतःची इच्छा निराळी ठेवायला जागा उरत नाही.

मधल्या वाक्याकडे मी शेवटी येईन. त्यात मुद्रणदोष नाही.

होलुबची कारकीर्द एका परिच्छेदात मावते, आणि तो परिच्छेद लिहिण्याची तसदी स्मरणिकेने घेतलेली नाही. दहा वर्षांत नऊ क्लब. त्यांतले चार तो तिथे असतानाच बंद पडले. एक बंद पडल्याची बातमी सामन्याला जाताना बसमध्ये आली आणि ड्रायव्हरने पुढच्या वळणावरून बस माघारी घेतली. अमेरिकेतल्या खालच्या श्रेणीचा एक मोठा गुण असा, की तिथून आणखी खाली घसरण्याची सोय नसते. खेळाडू उन्हाळ्यात सहा वर्षांच्या मुलांना चेंडू कोणत्या गोलात मारायचा ते शिकवतात, हिवाळ्यात गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात, आणि मधल्या काळात व्यावसायिक म्हणवले जातात. राहायला त्यांना गावातली कुटुंबे जागा देतात. ही तिथली रीतच आहे. आमच्या वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होती. माझी पत्नी मालिनी हिने क्लबच्या फलकावर आमचे नाव लिहून टाकले आणि होलुब आमच्याकडे तीन मोसम राहिला. मालिनीने त्याला 'ताई' म्हणायला शिकवले. मला तो 'प्रोफेसर' म्हणे, आणि त्यात आदर किती व थट्टा किती हे मी कधी तपासले नाही.

त्या शनिवारी सकाळी तो उपमा खात होता. सामन्याच्या दिवशी त्याला उपमाच लागे.

"ताई, सोमवारी कॉलेजकडून उत्तर येणार," तो म्हणाला. आमच्याच कॉलेजच्या संघाला सहायक प्रशिक्षक हवा होता. पत्र माझ्याच हातून गेले होते.

"येईलच की. यांनी शिफारस केलीय ना," मालिनी म्हणाली.

"अट एकच आहे. नोंदीवर शिस्तभंगाची कारवाई नको. दहा वर्षांत सात पिवळी कार्डं, लाल एकही नाही." त्याने वाटी पुढे केली. "एकतिसाव्या वर्षी माणसाकडे दाखवायला एवढंच असतं, प्रोफेसर. कुणी कधी मला हाकललं नाही, हे."

"आज जपून खेळ," मी म्हणालो. "बाहेर तीस आहे. घाम येईल."

"तीस म्हणजे आमचे किती?"

"तुमचे आकडे मी घरात घेत नाही."

हा आमचा जुना विनोद होता. अमेरिकेत चौदा वर्षे राहूनही मैल, पौंड आणि फॅरनहाइट यांना मी उंबऱ्याबाहेर ठेवले होते. कुठल्याशा राजाच्या पावलावरून आणि नाकावरून ठरलेल्या मापांनी सुशिक्षित माणसाने चालू नये, असे माझे मत मी जेवणाच्या टेबलावर वारंवार मांडीत असे. मालिनी त्या वेळी आमटी वाढू लागे.

तेवढ्यात प्रुइट यांचा फोन आला. मैदानाचा दक्षिणेकडचा एक पट्टा त्याच आठवड्यात नवा बसवला होता. ते मैदान शाळेचे, कृत्रिम गवताचे. त्यावर त्यांच्या अंडाकृती चेंडूच्या खेळाच्या पांढऱ्या रेषा, हॉकीच्या निळ्या, आणि सर्वांत शेवटी, पोटभाडेकरूसारख्या, आमच्या पिवळ्या. नव्या पट्ट्यावर पिवळे काहीच नव्हते. पेनल्टी क्षेत्राची समोरची रेषा नेमकी तिथे पडत होती.

"रंग आहे, सुतळी आहे, माणूस नाही," प्रुइट म्हणाले. "तुमच्याकडे लांब टेप आहे का? माझी दुकानात राहिली."

प्रुइट गालिचे विकत. जमिनी मोजणे हाच त्यांचा जन्माचा व्यवसाय, आणि क्लबच्या इतिहासातल्या एकमेव अंतिम सामन्याला टेप दुकानात राहिली. मी मात्र तयार होतो. माझे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. त्यांची चामडी डबीतली तीस मीटरची फीत मी मिरजेहून येताना आणली होती. पितळी हँडल फिरवले की ती पोथीच्या दोऱ्यासारखी गुंडाळली जाई.

"काय देखणी वस्तू आहे," प्रुइट मैदानावर म्हणाले.

"सरकारी आहे. कालवे मोजलेत हिनं."

"मग आमची रेषा म्हणजे काहीच नाही. गोलरेषेपासून अठरा, दोन्ही बाजूंनी. मध्ये सुतळी ताणा आणि रंगाची गाडी चालवा. रेषेपुढचा अर्धगोल चाप राहू दे, चाप कोण बघतं."

ते निघून गेले. मी गुडघे टेकून डावीकडून मोजले, मग उजवीकडून, मग खात्रीसाठी पुन्हा डावीकडून. फितीवर प्रत्येक मोठा आकडा लाल शाईत होता. लाल अठराशी मी खडूची खूण केली, बाजूच्या जुन्या रेषा तिथपर्यंत वाढवल्या, सुतळी ताणली आणि रंगाची गाडी ढकलत सरळ, देखणी, एकजीव पिवळी रेषा ओढली. आयुष्यात हातांनी केलेले एवढे नीटस काम मला दुसरे आठवत नाही.

दुपारी होलुब नेहमीप्रमाणे एकटाच मैदानावर उतरला. ही त्याची सवय. बूट हातात, पायात नुसते मोजे, आणि ओठांत आकडे. "या श्रेणीत दोन मैदानं सारखी नसतात," असे तो सांगे. म्हणून प्रत्येक सामन्याआधी तो ते आपल्या पायांना पाठ करवून घेई. उत्तरेकडून दक्षिणेकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. मग कठड्याशी, मी बसलो होतो तिथे आला.

"प्रोफेसर, इकडचा पेनल्टीचा चौकोन लांब आहे."

"लांब म्हणजे?"

"दीड पाऊल जास्त. त्या बाजूला माझे अठरा होतात तेव्हा मी रेषेवर असतो. या बाजूला मी अजून आतच आहे."

"त्या बाजूची रेषा कोणी आखली ठाऊक नाही," मी म्हणालो. "ही मी आखली आहे. फितीनं. तुझी पावलं एकतीस वर्षांची झाली, डेल, आणि ती तशीही एका राजाची उसनी आहेत."

तो हसला. "म्हणजे माझे पाय चुकले."

"शास्त्राचा निर्णय तसा आहे."

"बरं. रेफरीला सांगू का, एकदा मोजून घ्या म्हणून?"

"यजमान संघाचं मैदान सदोष ठरलं तर सामना जातो, असं प्रुइट म्हणत होते. सांगून बघ."

तो बूट घालू लागला. त्याने सांगितले नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची त्याला आणखी एक सवय होती.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला, एक-एक अशी बरोबरी असताना, समोरच्या संघाचा एक उंच पोरगा मधली फळी ओलांडून दक्षिणेकडच्या गोलाकडे सुटला. त्याच्या मागे फक्त होलुब होता. अशा वेळी जुना मिडफिल्डर जे करतो तेच त्याने केले: चौकोनात शिरण्याआधी त्या पोराला पाडले. ती सभ्य कृती नव्हे; पण तिची किंमत ठरलेली असते. बाहेर पाडले तर साधी फ्री किक, आत पाडले तर पेनल्टी. होलुबने किंमत पाहून माल घेतला होता. कुठे पाडायचे ते त्याने डोळ्यांनी पाहिले नाही, पायांना विचारले.

रेफरीने मात्र खाली पाहिले. दोघेही पिवळ्या रेषेच्या हातभर आत पडले होते. त्याने पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवले.

"हे बाहेर आहे," होलुब उठत म्हणाला.

"रेषा बघ."

"रेषा बघतोय. मोजून घ्या. एक मिनिट लागेल."

"रंग आहे तोच नियम. बाजूला हो."

"मग मीच मोजतो."

आणि तो गोलरेषेवर गेला. टाच रेषेला लावली आणि चालू लागला, मोठ्याने आकडे म्हणत. रेफरीने पिवळे कार्ड दाखवले तेव्हा तो सातवर होता. दुसरे पिवळे आणि मग लाल दाखवले तेव्हा बारावर. बँडमधल्या कोणीतरी ढोलावर ताल धरला, आणि पंधरापासून दोनशे अकरा प्रेक्षकांतले निम्मे त्याच्याबरोबर मोजू लागले; गंमत म्हणून. अठराला तो थांबला. पिवळी रेषा अजून दीड पाऊल पुढे होती. तो तिथे उभा राहिला, आणि मग त्याने मान वळवून कठड्याकडे पाहिले, मी बसलो होतो तिथे.

मी त्या वेळी चष्मा पुसत होतो.

सामना आम्ही दोन-एक असा हरलो. रविवारी सकाळी होलुब खाली आला, उपमा नको म्हणाला आणि विचारले, "प्रोफेसर, ती फीत जरा नेऊ?"

"ड्रॉवरमध्ये आहे," मी म्हणालो, आणि एका पोथीतला पाठभेद तातडीने तपासायचा असल्यासारखा अभ्यासिकेत गेलो. तासाभराने तो परतला.

"शाळेनं रेषा धुऊन टाकलीय. बँडचा सराव होता."

"अरेरे."

"खडूची खूणसुद्धा नाही." तो थोडा वेळ दारात उभा राहिला. "बरं," म्हणाला, आणि वर गेला.

चौकशी मंगळवारी प्रुइट यांच्या दुकानात झाली. कॉलेजने सोमवारचे उत्तर तिच्या निकालापर्यंत थांबवले होते, म्हणून त्यांची एक प्रतिनिधी मागे, नमुन्यांच्या चवडीवर बसली होती. गालिच्यांच्या उभ्या गुंडाळ्यांमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि जो बोले त्याचा आवाज लोकरीत बुडे. न्यायदानाला मी याहून मऊ जागा पाहिलेली नाही.

"रेषा कोणी आखली?" प्रुइट यांनी विचारले, जणू त्यांना माहीत नव्हते.

"मी."

"फीत?"

"माझ्या वडिलांची. सरकारी."

कोणीतरी कौतुकाने हसले.

"डेल," प्रुइट म्हणाले, "तू म्हणतोस रेषा चुकली. इथे एक डॉक्टरेट झालेला माणूस बसला आहे. अक्षर न् अक्षर तपासणं हे त्याचं काम आहे. आणि तू पावलं टाकून मोजलंस."

"हो. मोज्यांतून चांगलं कळतं," होलुब म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. त्याचा आवाज घरातला होता, वाटी पुढे करतानाचा. "प्रोफेसर, तुमची खात्री आहे?"

प्रश्न सोपा होता. उत्तराला एक शब्द पुरला असता. माझी नोकरी पक्की होती, घर माझे होते, मला गावातून कोणी हाकलणार नव्हते. फार तर हसले असते. प्रुइट हसले असते, आणि हा किस्सा पुढची वीस वर्षे प्रत्येक गालिच्याबरोबर फुकट वाटला असता. कॉलेजातले सहकारी हसले असते, विशेषतः ते, ज्यांच्या टिपांमधल्या चुका मी जाहीरपणे दाखवल्या होत्या.

"मी ते तीनदा मोजलं होतं," मी म्हणालो.

होलुबने माझ्याकडे आणखी क्षणभर पाहिले. मग तो प्रुइट यांना म्हणाला, "रेफरी सांगत असताना मी बाजूला व्हायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं. बाकी मला काही सांगायचं नाही."

"मान्य केलंन," प्रुइट लिहून घेत म्हणाले. स्मरणिकेतल्या तिसऱ्या वाक्याचा उगम तो हा. होलुबच्या तीन वाक्यांपैकी मधले त्यांनी ठेवले आणि त्यातला 'तेवढं' गाळला. लेखनिक नेहमी असा नेमका शब्दच गाळतात. मागे बसलेल्या बाईंनी वही मिटली.

गुरुवारी तो गेला. दोन पिशव्या, बुटांचा एक जोड खांद्यावर. मालिनीला त्याने वाकून नमस्कार केला. तोही तिनेच शिकवला होता. माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "पोथ्यांना जपा, प्रोफेसर." इंडियानातल्या एका गोदामाने त्याला बाराही महिन्यांसाठी घेतले होते. त्यानंतर तो कोणत्याही मैदानावर उतरला नाही, शिकवायलासुद्धा नाही.

दुपारी मालिनी त्याची खोली आवरायला गेली. पडद्यांची मापे घ्यायची म्हणून तिने फीत वर नेली होती. थोड्या वेळाने ती माझ्या अभ्यासिकेत आली. फीत तिने टेबलावर, उघड्या पोथीवरच पसरली.

"अहो, हे काय आहे?"

सोळा मीटर शेहेचाळीस सेंटिमीटरवर बॉलपेनची एक बारीक, सरळ रेघ होती. तिच्याशेजारी होलुबच्या शाळकरी अक्षरात 'अठरा यार्ड' असे लिहिले होते, आणि खाली वार: रविवार.

"रविवारी त्याला कळलं होतं," ती म्हणाली.

मी फितीखालून पोथीचे पान सोडवू लागलो.

"म्हणजे मंगळवारी तो तुम्हाला रेषेबद्दल विचारत नव्हता." तिने त्या रेघेवर बोट ठेवले. "आणि तुम्हाला? तुम्हाला कधी कळलं?"

"आज. आत्ता."

ती माझ्या चष्म्याकडे पाहत राहिली. मग फीत गुंडाळून घेऊन गेली आणि स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यांवरच्या खिळ्याला तिने ती अडकवून ठेवली. गेली एकोणीस वर्षे मी चहा घेताना ती पाहतो. होलुबचे दर नाताळात कार्ड येते. त्यावर 'ताई आणि प्रोफेसर' असे लिहिलेले असते, त्याच क्रमाने.

मुद्रितशोधन मी गेल्या आठवड्यात पुरे केले. सोळाचे सहा केले, प्रेक्षक दोनशे अकरावर आणले, 'अनावर संताप' आणि 'स्वेच्छेने' खोडले, 'तेवढं' मूळ जागी बसवले. मधले वाक्य पूर्ण काढून तिथे समासात नवा मजकूर लिहिला आणि प्रत परत पाठवली. दुसऱ्या दिवशी प्रुइट यांचा फोन आला. आता ते ऐंशीचे आहेत.

"प्रोफेसर, ही दुरुस्ती नाही. तुम्ही तर नवंच काही घातलंय."

"मूळ पाठ तोच आहे, हार्लन. तुमच्याकडची प्रत उशिराची आहे."

"इतक्या वर्षांनी? आणि सत्तेचाळिसावं पान वाचतं कोण?"

"इंडियानातला एक जण. त्याला अंक मी स्वतः पाठवणार आहे."

पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला. "निदान शेवटच्या दोन-तीन ओळी गाळू या का? तुमच्यासाठीच म्हणतो."

"गाळायचं काहीच नाही," मी म्हणालो. मजकूर शब्दशः असा आहे:

"वादग्रस्त रेषा मी आखली. ती अठरा यार्डांवर हवी होती. मी ती अठरा मीटरवर आखली, म्हणजे एक मीटर चोपन्न सेंटिमीटर पुढे. होलुब मैदानात अठरापर्यंत मोजून थांबला त्याच क्षणी मला हे कळले. त्याने माझ्याकडे पाहिले तेव्हा मी चष्मा पुसत होतो. चष्मा स्वच्छ होता. मंगळवारी मी खरे सांगितले असते तर त्याला नोकरी मिळाली असती आणि लोक मला हसले असते. लोकांनी मला हसू नये म्हणून मी ते सांगितले नाही. त्याची पावले बरोबर होती. — दिगंबर खासनीस."